बीगलचं नाक, शेजारची सुकट आणि आमची अब्रू

ओटीवरून, १४ मे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता अगदी गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

गेल्या दिवाळीत पुण्याचं बिऱ्हाड हलवून आम्ही गुहागरजवळच्या गावच्या घरी राहायला आलो. मी, बायको, आठ वर्षांची लेक, माझी आई आणि दीड वर्षाचा बीगल. त्याचं नाव खाजा. रंगावरून लेकीने ठेवलं. पुण्यात फ्लॅटमध्ये हा गुणी बाळ होता. बस म्हटलं की बसायचा, पाय दे म्हटलं की पाय द्यायचा. इथे आल्यापासून त्याला कान आहेत की नाहीत अशी शंका येते. (आहेत. चांगले वीतभर आहेत.) बेडं उघडलं की नाक जमिनीला लागतं, आणि मग हाका मारा, शिट्ट्या मारा, ऊर बडवा, स्वारी आपल्या तंद्रीत गडग्यावरून पलीकडे.

रविवारी कहर झाला. दोन वाड्या सोडून एका मावशींनी पावसाळ्याची बेगमी म्हणून खळ्यात जाळ्यावर सुकट घातली होती. खाजा तिथवर पोचला. किती खाल्ली देव जाणे, उरलेल्या सुकटीत यथेच्छ लोळला. मी पैसे घेऊन गेलो तर मावशींनी घेतले नाहीत. "असूं दे, जनावर आहे" म्हणाल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरं म्हणजे तो भुंकत नाही, गळा काढतो. संध्याकाळी देवळात आरतीची घंटा वाजली की मान वर करून "आऽऽऊऽऽ". कुत्रं रडणं अशुभ, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेजारच्या आजी आईला रोज विचारतात, "काय गो, घरात सगळे बरे ना?"

हाकेला येईल असं काही शिकवता येतं का? आणि कोकणातला त्याचा हा पहिलाच पावसाळा आहे, त्याचीही धास्ती आहे. अनुभवी लोकांनी लिहा.


सदाशिवपेठी, १४ मे

थंड देशातलं विलायती कुत्रं दमट हवेत न्यायचं आणि मग धागे काढायचे. गावठी कुत्रं का नाही पाळलंत? फुकट मिळतं, आजारी पडत नाही, घर राखतं.


ओटीवरून, १४ मे

मित्र परदेशी गेला, त्याचं पिल्लू आमच्याकडे आलं. निवड आम्ही केली नाही, त्यानेही नाही. गावठ्याबद्दल बोललात ते खरं आहे, पण आता याला परत कुठे देऊ?


भूभूमाय, १४ मे

फोटो कुठाय? फोटोशिवाय कुत्र्याचा धागा फाऊल धरला जातो.


कातळसडा, १५ मे

रत्नागिरीच्या सड्यावर आमची बीगल साडेबारा वर्षं नांदली, तेव्हा थोडं लिहायचा अधिकार आहे.

आधी हे समजून घ्या की तुमच्या घरात कोण आलंय. आपल्याकडची कारवान किंवा मुधोळ ही नजरेची कुत्री. ससा दिसला की सुटली, दिसेनासा झाला की खेळ संपला. बीगल नाकाचा. इंग्लंडात सशाच्या शिकारीसाठी ही जात वाढवली. कुत्री कळपाने माग काढत पुढे आणि माणसं पायी मागे. मालकाकडे वळून न बघता तासन्‌तास वासावर राहायचं आणि वास लागला की गळा काढून मागच्यांना सांगायचं, हे ज्याला जमलं त्याची पुढे पैदास केली. शेपटीचं टोक पांढरं असतं तेही उंच गवतात दिसावं म्हणून. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारी हे त्याचं प्रगतिपुस्तक आहे, आणि पोरगा पहिला आलाय.

माणसाच्या नाकात वासाच्या पेशी साठेक लाख, याच्या नाकात वीस कोटींच्या वर. शिवाय श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून निघून जाते, म्हणजे समोरचा वास उडत नाही, आत येतच राहतो. त्यात कोकणची ओलसर हवा. ओलाव्यात वास जमिनीलगत टिकून राहतो. पुण्यातल्या डांबरावर याला चार अक्षरं वाचायला मिळत होती, तुमच्या गावात त्याला अख्खं वाचनालय उघडलंय. रात्री उदमांजर गेलं, पहाटे डुक्कर गेलं, सकाळी कोळीण गेली. तुमची हाक त्या गर्दीत कुठे लागणार?

आता कामाचं.

दोरी. हे पहिलं आणि शेवटचंही. दहा मीटरची सपाट पट्टी घ्या. होडीवाल्यांची नायलॉनची गोल दोरी नको, हात सोलून निघतात, माझे निघालेत. दोरी गळ्यात बांधायची नाही, छातीला हार्नेस घालून त्याला अडकवायची, नाहीतर धावत्या कुत्र्याला मानेत हिसका बसतो. आमची म्हातारी झाली, ऐकायला लागली, तरी उघड्यावर तिला दोरीविना एकदाही सोडली नाही. बीगल हाकेला हमखास येतो असं सांगणाऱ्याला बीगल नसतो.

हाक. "खाजा" हे नाव आता विसरा. दिवसातून दोनशे वेळा रागाने, लाडाने, वैतागून मारलेली हाक आहे ती, बोथट झालीय. नवा शब्द घ्या. आमचा होता "बांगडा". घरात, भुकेच्या वेळी, दोन पावलांवरून "बांगडा!" म्हणायचं आणि त्याच क्षणी उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्यायचा. दिवसातून दहा वेळा, दोन आठवडे, एवढंच. मग ओटीवर, मग खळ्यात, मग वाडीत, दोरीला बांधून. नाक वासात रुतलेलं असताना शब्द वाया घालवू नका, मान वर झाली की टाका. आणि तो आला की रागवायचं नाही. कुणाची सुकट खाऊन आला तरी नाही. आंघोळीला न्यायला हा शब्द वापरला की संपलं, त्याला हिशोब बरोबर कळतो.

आणि रोज नाकाला काम द्या. हे केलं नाहीत तर वरचं सगळं फुकट. तीन करवंट्या पालथ्या घाला, एकीखाली फुटाणा. जमलं की पाच करवंट्या. आप्पेपात्राच्या खळग्यांत दाणे टाकून वर लिंबं ठेवा, तो लिंबं ढकलून दाणे काढतो (लिंबं खात नाही, नाक मुरडतो). भाताच्या पेंढ्यात तुकडे पेरा. मग माग काढायला शिकवा. लेकीने अंगणातून चालत जाऊन माडामागे लपायचं आणि त्याला तिचा मोजा हुंगवायचा. पहिल्या दिवशी वीस पावलं, महिन्याने अख्खी वाडी. तासभर फिरवून जो दमत नाही तो पंधरा मिनिटं नाक चालवून गाढ झोपतो, हे स्वतः पाहिलंय.

आरतीचं असं आहे की त्याला वाटतं कुठलातरी कळप हाक देतोय. आपण "गप!" म्हणून ओरडलो की त्याचा समज पक्का होतो, मालकही सुरात मिळाले. आरतीच्या पाच मिनिटं आधी त्याला माजघरात घेऊन करवंट्यांचा डाव मांडा. घंटा वाजली की डाव, असं डोक्यात बसलं की गळा कमी होतो. बंद नाही होणार. शेजारच्या आजींना सांगा, रडत नाही, आरती म्हणतो.


सदाशिवपेठी, १५ मे

"बीगल हाकेला हमखास येतो असं सांगणाऱ्याला बीगल नसतो" हे वाक्य आवडलं. तरी मुद्दा कायम.


न्यूजर्सीची_काकू, १६ मे

बीगल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे अमेरिकेत विमानतळावर खाण्याच्या वस्तू हुंगणारी बीगल पथकं असतात, शेतीखात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसपासून सुरुवात केली. जाकीट घातलेलं गोजिरवाणं कुत्रं बॅगांमधून फिरतं. भुंकत नाही, अंगावर येत नाही, वास लागला की बॅगेशेजारी नुसतं बसतं. लहान चण आणि गरीब चेहरा, लोक घाबरत नाहीत, म्हणून तर बीगल निवडतात. त्यांना शिकवताना सुरुवातीला जे मोजके वास देतात ना, सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, गोमांस, डुकराचं मांस, त्यात चक्क आंबाही आहे!

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नऊवारीच्या घडीत सहा हापूस. मी बाहेर वाट बघतेय, आणि आत ते ध्यान त्यांच्या बॅगेपाशी येऊन बसलं. सासूबाईंना वाटलं भुकेलंय. त्यांनी त्याला चुचकारून दशमी द्यायला काढली. पुढचं लिहीत नाही. २००७ पासून विकिरण केलेला भारतीय आंबा रीतसर येतो इथे, पण बॅगेतला चालत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "माझ्या वाडीतला आहे" एवढंच म्हणत होत्या.


भूभूमाय, १६ मे

दशमी =))


मालवणी_मसालो, १७ मे

आमच्याकडे बीगल-बिगल काय नाय, साधो कुत्रो असा. एकच सांगतंय, रात्री तेका भायर ठेव नको. गेल्या वर्सा वाघान आमच्या खळ्यातलो कुत्रो उचलल्यान. सकाळी बघतव तर नुसती साखळी. वाघ म्हणजे बिबटो रे, आमी तेका वाघच म्हणतव. पडवेक पण नको, घरात घे. आवशीक काय सांगूचा ता सांग.

आणि गोचडीक लसूण खायला घाल. आमी घालतव.


गोठा_ते_दवाखाना, १७ मे

मसालो, बिबट्याचं शंभर टक्के. लसणाचं शून्य टक्के. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. गोचीड मरत नाही, कुत्रं मात्र पांढरं पडतं.

मी पशुवैद्यक आहे, तळकोकणात काम करते. ओटीवरून, तुम्ही पावसाळ्याचं विचारलंत, ते सविस्तर लिहिते.

गोचीड. पाऊस सुरू व्हायच्या आधीच मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी, जे तुमचे डॉक्टर सांगतील ते, वजनाप्रमाणे सुरू करा आणि चुकवू नका. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, पेटती काडी, डिझेल, काही नको. (डिझेल चोपडलेली कुत्री माझ्याकडे दर वर्षी येतात. कातडं सोलून निघालेलं असतं.) गोचीडतापात कुत्रं सुस्त होतं, जेवण टाकतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बीगलने जेवण टाकलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ही जात सहजासहजी जेवण टाकत नाही. दोडामार्ग-बांदा भागातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, २०१६ पासून आपल्याकडे माकडताप आहे आणि तोही गोचिडीतून माणसाला होतो. कुत्रं रानात नेऊन आणलं की त्याच्याबरोबर स्वतःचे पायही तपासा.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. हा रोग उंदराच्या मुतातून येतो. भाताची खाचरं, साचलेली डबकी, गोठ्यातला चिखल, म्हणजे बीगलला जिथे जिथे नाक घालायचं असतं ती सगळी ठिकाणं. माणसालाही होतो. लस दर वर्षी द्यायची, आणि पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. आज १७ मे आहे. उद्याच जा. रेबीजची तारीखही तेव्हाच बघून घ्या.

कान. लोंबते कान म्हणजे झाकण लावलेलं भांडं. आत हवा नाही, वर आपला दमटपणा, बुरशी न होईल तर नवल. डॉक्टरांकडून कान धुवायचं द्रावण आणा. एरवी आठवड्यातून एकदा आणि पावसात दोनदा कानात टाकून मुळाशी चोळा, त्याला डोकं झटकू द्या, बाहेर आलेला मळ कापसाने पुसा. काडी घालायची नाही. खोबरेलही घालायचं नाही, हे मी तुमच्या आईंसाठी लिहितेय. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं दिसलं तर दवाखाना.

फिरून आला की पंजे गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा. किनाऱ्यावरून आला तर अख्खं अंग धुवा. समुद्राचं पाणी प्यायला तर जुलाब लागतात, गोडं पाणी बरोबर ठेवा.

साप. नाक बिळात घालणाऱ्या कुत्र्याला चावा तोंडावर बसतो. सड्यावर फुरसं, वाडीत घोणस, शिवाय नाग-मण्यार आहेतच. या चौघांवर चालणारं एकच मिश्र प्रतिविष असतं. ते जवळच्या कुठल्या दवाखान्यात मिळेल, हे आजच फोन करून विचारून ठेवा, चावल्यावर नाही. चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, चालवायचं नाही. उचलून गाडीत घालायचं.

किनाऱ्यावर वाहून आलेला केंड मासा तोंडात जाऊ देऊ नका, मेलेला असला तरी विष तसंच राहतं. आंब्याचा बाठा आतड्यात अडकतो. मनुका नको. ताप आला म्हणून घरातल्या माणसांच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

आणि वजन किती आहे? हे तुम्ही लिहिलं नाहीत. जे पालक वजन लिहीत नाहीत त्यांच्याबद्दल मला संशय असतो.


ओटीवरून, २० मे

सगळ्यांचे मनापासून आभार. लेप्टोची सुई झाली. दोरी आली. शब्द "बांगडा"च घेतला, कातळसडा काका, तुमच्या म्हातारीच्या आठवणीखातर.

ताई, वजन साडेचौदा भरलं.


गोठा_ते_दवाखाना, २० मे

साडेचौदा! त्याच्या चणीला दहा-अकरा पुरे. घरात पोळी कोण देतंय?


ओटीवरून, २० मे

कोणीच कबूल होत नाही.


ओटीवरून, ३ जुलै

पोळी देणारं माणूस सापडलं.

मी रात्री पाणी प्यायला उठलो तर माजघरात आई बसलेली, पुढ्यात खाजा, मध्ये तूप लावलेली पोळी. हीच आई नोव्हेंबरात म्हणाली होती, कुत्रं ओटीच्या आत येता कामा नये. मग "पाऊस आहे, पडवीत येऊ दे" झालं. मग मसालोंची पोस्ट वाचून दाखवली, तेव्हा "वाघाच्या तोंडी देणार का मुक्या जिवाला" म्हणत तिनेच गोधडी माजघरात आणून टाकली. देवघराचा उंबरठा तेवढा तो अजून ओलांडत नाही. हे त्याला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणते, "त्याला कळतं." कळतं कसलं, दुपारी सगळे झोपले की ही त्याला उंबरठ्याबाहेर बसवून फुटाणे देते. आम्हाला दोन महिन्यांत जमलं नाही ते हिने कधीच करून ठेवलंय.

तर आता तह झालाय. दिवसाला एकच पोळी, बिनतुपाची, आणि तीही त्याच्या मापाच्या जेवणातून वजा करायची. आईने तिचे वीस तुकडे करायचे आणि घरभर लपवायचे. जात्याखाली, पाटामागे, सुपात. तिला गुडघेदुखीने फार चालवत नाही, पण लपवायला मात्र उत्साहाने हिंडते. जेवणात भात कमी, उकडलेला दुधी आणि भोपळा वाढवला. वजन साडेतेरावर आलंय.

"बांगडा" म्हणजे चमत्कार आहे. धो धो पावसात, वाडीच्या दुसऱ्या टोकाहून, दोरी सैल असताना वळून आला. मी कोंबडी द्यायची विसरून नुसता बघत राहिलो, तर त्याने हातावर पंजा मारून आठवण करून दिली.

कानाला एकदा बुरशी झालीच. लेकीच्या लक्षात आली. "बाबा, खाजाच्या कानाला ताकाचा वास येतो." औषधाने आठवड्यात बरा झाला.


कातळसडा, ४ जुलै

शाबास. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. घरातल्या सगळ्यात चांगल्या ट्रेनरला तुम्ही दोन महिने आरोपी समजत होतात.


ओटीवरून, ६ ऑगस्ट

कातळसडा काका, एक प्रश्न. तुमच्या सड्यावर मासेवाली येत नव्हती का?

जून आणि जुलै मासेमारी बंद. ३१ जुलैला बंदी उठली. आज सकाळी सव्वानऊला आमच्या पाणंदीत खणखणीत आवाज आला, "बांगडाऽऽ ताजा बांगडाऽऽऽ!"

मी खळ्यात होतो, दोरी हातात. होती. खाजा असा सुटला की दोरी माझ्या हातातून गेली. मासेवालीच्या पाटीसमोर जाऊन तो अगदी नियमाप्रमाणे बसला, मान वर, डोळे तिच्याकडे. बाईला वाटलं केवढं गुणी कुत्रं! तिने एक बांगडा दिला.

आता ती रोज ओरडते. आणि कोंबडीच्या नखाएवढ्या तुकड्याला कोण विचारतो?


भूभूमाय, ६ ऑगस्ट

=)) =)) हसून हसून मेले


कातळसडा, ६ ऑगस्ट

आमच्याकडे मासेवाली गाडीरस्त्यावरूनच जायची, वर सड्यावर कधी चढली नाही. चूक माझी. शब्द बदला. रस्त्यावर कधी ओरडला जाणार नाही असा घ्या.


सदाशिवपेठी, ६ ऑगस्ट

"क्षमस्व" घ्या. आमच्या पेठेत गेल्या कित्येक वर्षांत कुणी उच्चारलेला नाही.


ओटीवरून, ७ ऑगस्ट

घरात चर्चा होऊन "सातबारा" ठरला. चार अक्षरांचा, ठसठशीत, आणि कुणी पाणंदीतून ओरडत जाण्याची शक्यता नाही.


मालवणी_मसालो, ७ ऑगस्ट

कोकणात ऱ्हवतंस आणि कुत्र्याक सातबारा शिकवतंस? भावकी येवंदे, मगे कळतला.


किनाऱ्यावरचा_पहारा, १२ नोव्हेंबर

धागा उशिरा वाचला. आम्ही काही जण कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवतो, म्हणून एक विनंती. आता मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतील. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, वाळूत हातभर खोल. कोल्हे आणि कुत्री ती बरोबर हुंगून उकरतात. बीगलचं तर विचारायलाच नको. वेळासला २००२ पासून हे संवर्धनाचं काम सुरू झालं, आता गुहागरच्या किनाऱ्यावरही भरपूर घरटी मिळतात. २०२३ साली इथेच उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तेव्हा रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर कुत्रं आणू नका. दिवसा आणलंत तर आखूड दोरीवर, आणि भरतीच्या रेषेच्या खाली ओल्या वाळूत चालवा.


ओटीवरून, २२ डिसेंबर

पहारा, तुमचं ऐकून आखूड दोरी आणि ओली वाळू पाळत होतो. आज सकाळी साडेआठला तरी त्याने मला वर ओढलं. सुरूच्या झाडांच्या रेषेच्या अलीकडे वाळू हुंगली आणि उकरायच्या ऐवजी खाली बसला. (आंब्याचा किस्सा वाचल्यापासून लेक त्याला "सापडलं की बस" शिकवतेय, आधी करवंटीखाली, मग पेंढ्यात.) जागा अगदी साधी दिसत होती. आदल्या दिवशी तिथून गाड्या फिरल्या होत्या, कासवमादीच्या येण्या-जाण्याच्या खुणा पुसल्या गेल्या असाव्यात. मी त्याला उचलून मागे घेतलं आणि तुम्हाला निरोप केला.


किनाऱ्यावरचा_पहारा, २२ डिसेंबर

घरटं होतं. रीतसर हलवलं, १०८ अंडी. तुमचे आभार.

पण कृपया कुणी आता "कुत्र्यांकडून घरटी शोधू या" म्हणून सुरू होऊ नका. हा एक बसला, पुढचा उकरेल. कायद्याने संरक्षित प्राणी आहे, वनखात्याशिवाय वाळूला हात लावायचा नाही.


सदाशिवपेठी, २३ डिसेंबर

मुद्दा मागे घेतो. (गावठ्याचा नाही. खाजाबद्दलचा.)


न्यूजर्सीची_काकू, २३ डिसेंबर

बसला! सासूबाईंच्या बॅगेपाशी बसला होता तस्साच बसला असेल. त्याला माझ्याकडून एक दशमी द्या.


गोठा_ते_दवाखाना, २३ डिसेंबर

अर्धी.


ओटीवरून, २६ एप्रिल

धागा वर काढतोय, कारण मसालोंना कबुली द्यायची राहिलीय.

वजन अकरा किलो झालं होतं. बरगड्या हाताला लागत होत्या, वरून कंबर दिसत होती. आरतीला गळा काढतो अजून, पण एकच सूर, मग करवंट्यांकडे. शेजारच्या आजी आता घंटा वाजली की म्हणतात, "झाली हो खाजाची सुरुवात." अढी लावली तेव्हा लेकीने त्याला पेंढ्यावरून फिरवलं, पिकलेल्या आंब्यापाशी तो बसतो. दहातले सात बरोबर. उरलेल्या तिनांत त्याला आंबा नको असतो, नुसतं बसल्याचं बक्षीस हवं असतं.

तर परवा मुंबईहून दोन चुलतकाका आणि त्यांचे मुलगे आले. वाडीच्या वाटणीचं बोलायला. ओटीवर बैठक बसली. मोठ्या काकांनी घसा खाकरून सुरुवात केली, "हे बघ, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे..."

खाजा परसातून तीरासारखा आला आणि काकांच्या पुढ्यात बसला.

काकांनी दुर्लक्ष केलं. "सातबारा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा..." खाजा दोन पावलं पुढे सरकला. धाकटे काका म्हणाले, "सातबारा उतारा आणलाय मी." खाजा वळून त्यांच्यासमोर. आम्ही हसावं की रडावं या विचारात, आणि आई आतून वाटीभर फुटाणे घेऊन आली. तिचं म्हणणं, शब्द उच्चारला की द्यायलाच हवं, नाहीतर शिकवलेलं मोडतं. ती उंबरठ्यात बसून प्रत्येक सातबाऱ्याला एक फुटाणा देत राहिली. पावणेदोन तास बैठक चालली. लेकीने मोजले, त्रेसष्ट.

वाटणीचं काही ठरलं नाही. दिवाळीत पुन्हा येणार आहेत. ताई, वजन आज साडेअकरा भरलं, रात्रीचं जेवण किती कमी करू?